वसावे, वळवी, पाडवी : काचेच्या पेल्यावर नाव कोरताना

मराठी घरातल्या मांडणीवरची भांडी वाचता येतात. हंडा कोणत्या आत्याने दिला, परात कोणत्या मामाने, गावजेवणाचे मोठे पातेले कुणाच्या स्मरणार्थ आले, हे सगळे काठाखाली बारीक ठिपक्यांच्या अक्षरांत लिहिलेले असते. दुकानात स्टील-पितळ घेतले की दुकानदार पैसे मोजता मोजता विचारतोच, "नाव काय घालायचे?" मग ते गुरगुरणारे छोटे मशीन बाहेर निघते आणि दोन मिनिटांत ‘सप्रेम भेट’ उमटते. यात हौस आहे तसा व्यवहारही आहे. लग्नकार्यात भांडी या घरून त्या घरी जातात आणि बिननावाचे भांडे परत येईलच याची खात्री कुणी देत नाही.

काचेचा पेला पुढे केला की मात्र तोच दुकानदार हात मागे घेतो, आणि बरोबरच करतो. ठोके मारणाऱ्या सुईने पत्रा दबतो. काच दबत नाही, तिचा टवका उडतो. पण शिक्षकाचा निरोप समारंभ, ९ ऑगस्टचा आदिवासी दिन, मुलीचे लग्न, बचत गटाचा वर्धापनदिन अशा निमित्तांनी आता काचेच्या नावाच्या वस्तू मागितल्या जातात. त्या शहरातून मागवल्या तर नाव चुकून येते, पेला फुटून येतो, नाहीतर समारंभ झाल्यावर येतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगीत किंवा आसपासच्या पाड्यावर राहून हे काम घरीच करता येईल का, आणि केले तर पदरात काय पडेल, असा प्रश्न पडलेल्यांसाठी हा लेख आहे.

काम घरी होते. त्याला लागणारे हत्यार दीडशे-दोनशे रुपयांतही मिळते. खर्च खरा वाढतो तो फुटीत आणि वेळेत. आणि एक गोष्ट पहिल्यांदाच ठरवून टाकावी: ॲसिडाच्या वाटेला जायचे नाही.

क्रीमचा मोह

काचेवर नाव उमटवण्याचे चार मार्ग आहेत. लेझर मशीन, वाळूचा मारा, रासायनिक क्रीम आणि हाताने कोरणे. लेझरचे यंत्र घरगुती खर्चात बसत नाही. वाळूच्या माऱ्याला कॉम्प्रेसर, बंद पेटी आणि अखंड वीज लागते, म्हणजे तेही सोडून द्या. उरतात शेवटचे दोन, आणि त्यात नवखा माणूस हमखास क्रीमकडे वळतो. मोबाइलवरच्या व्हिडिओत ते फार सोपे दिसते: स्टिकर लावा, क्रीम फासा, पाच मिनिटांनी धुवा, झाले.

या क्रीममध्ये बहुधा अमोनियम किंवा सोडियम बायफ्लोराइड असते. काच खाणारे रसायन जगात मोजकेच, आणि ते मुख्यतः फ्लोरिनच्या घराण्यातले. कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७१ साली ज्याचा अभ्यास केला ते हायड्रोफ्लोरिक ॲसिड या घराण्यातला थोरला. क्रीममधला क्षार ओला झाला की त्याचेच सौम्य रूप तयार होते. ते कातडीवर पडले तर लगेच भाजल्यासारखे वाटेलच असे नाही. फ्लोराइड आत झिरपते, शरीरातल्या कॅल्शियमला धरते आणि दुखणे काही तासांनी सुरू होते. तोवर माणूस हात पुसून जेवायलाही बसलेला असतो. त्यावरचा उपाय म्हणजे भरपूर पाण्याने धुणे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल. मोलगीत ग्रामीण रुग्णालय आहे, पण हे जेल ऐन वेळी हाताशी असेल असे गृहीत धरून कुणी काम सुरू करू नये. पुढच्या उपचाराला देवगोईचा घाट उतरावा लागला तर जाणारा वेळ हाच मोठा धोका.

तरीही कुणाला क्रीम वापरायचेच असेल, तर ग्लुकोनेट जेल आधी घरात आणा आणि क्रीम नंतर. नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा, काम उघड्या ओसरीवर, मुले आणि कोंबड्या लांब. क्रीम लागलेले पाणी नाल्यात सोडू नका. प्लास्टिकच्या बादलीत चुन्याची निवळी मिसळून ठेवा, म्हणजे फ्लोराइड कॅल्शियमशी बांधले जाऊन खाली बसते. हातावर काही पडले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा, जेल लावा आणि दुखत नसले तरी दवाखाना गाठा. डॉक्टरांना ‘ॲसिड पडले’ एवढेच न सांगता ‘फ्लोराइड’ हा शब्द सांगा. उपचार त्यावरून ठरतो. एवढे करून क्रीमची छोटी डबी हजाराच्या पुढे जाते, आणि बोरोसिलिकेटच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्रकारच्या काचेवर तिचा परिणाम अनेकदा डागडागी होतो. आठ-दहा पेल्यांसाठी हा सगळा खटाटोप मला तरी परवडणारा वाटत नाही.

हत्यार

हाताने कोरायला काचेपेक्षा कठीण टोक लागते. कठीणपणाच्या मोजपट्टीवर साधी काच साधारण साडेपाचवर येते, टंगस्टन कार्बाइड नवाच्या आसपास आणि हिरा दहावर. म्हणून लोखंडी खिळ्याने काचेवर धड ओरखडा उठत नाही आणि कार्बाइडचे टोक लावलेल्या पेनासारख्या हत्याराने सहज उठतो. या हत्याराला हार्डवेअरच्या दुकानात ‘स्क्राइबर’ म्हणतात. विजेशिवाय, सेलशिवाय चालतो. वीज जाणे ज्यांच्या दिनक्रमात आहे त्यांनी सुरुवात यानेच करावी.

काच बसवणाऱ्याची हिरकणी मात्र यासाठी घेऊ नका. ती खिडकीची काच कापायला आहे. तिची रेघ सलग आणि खोल जाते आणि त्या रेघेवर काच फुटावी हाच तिचा हेतू असतो. हिरकणीने पेल्यावर नाव लिहिले तर पेला पहिल्या गरम चहाला नावाच्या रेघेवर तडकू शकतो.

दुसरी पायरी म्हणजे फिरते हत्यार. हातात मावणारे रोटरी मशीन आणि त्याला लावायची हिऱ्याच्या भुकटीची बारीक बिटे. सेलवर किंवा चार्जिंगवर चालणारे पेन काही शे रुपयांत येते, तारेचे मशीन हजार ते अडीच हजारांत. काच कोरताना ओली ठेवावी लागते, म्हणून ओल्या हातात तारेचे मशीन धरण्यापेक्षा चार्जिंगचे बरे. बिटांत बारीक गोल डोक्याचे आणि टोकदार सुळक्याचे अशी दोनच जास्त लागतात. तीस बिटांची पेटी स्वस्त दिसते, पण तिच्यातली निम्मी कशासाठी आहेत हे कधीच कळत नाही.

हे काम एकेकाळी घरात बसूनच झालेले आहे. सतराव्या शतकात ॲना रूमर्स व्हिस्खर (१५८३ ते १६५१) ही डच बाई हिरव्या पेल्यांवर हिऱ्याच्या टोकाने वळणदार अक्षरे आणि फुलपाखरे कोरत असे. ती कवयित्री होती, कारखानदार नव्हती. तिच्यानंतर फ्रान्स ग्रीनवूड नावाच्या कलावंताने अठराव्या शतकात नुसत्या ठिपक्यांनी काचेवर अख्खी चित्रे उभी केली. ठिपके दाट तिथे पांढरे, विरळ तिथे काच. आपल्या हंड्यावरची नावे ज्या ठिपक्यांनी घातली जातात त्याच रीतीने. रेघ ओढताना हात घसरत असेल त्याने ठिपक्यांकडे वळावे. स्क्राइबर उभा धरून हलकेच टेकवत, जागच्या जागी किंचित फिरवत जायचे. वेळ जास्त लागतो, चूक कमी होते.

कोणती काच घ्यावी

जाड बुडाचा, सरळ उभा, गुळगुळीत पेला सर्वांत सोयीचा. चहाच्या कटिंगच्या पेल्याला खालच्या अंगाला धारा असतात. तिथे नाव बसत नाही, वरच्या सपाट पट्टीतच बसते. साच्यातून काढलेल्या पेल्यावर जोडाची बारीक उभी रेघ असते. बोट फिरवले की लागते. नाव तिच्यावर येऊ देऊ नका, बिट तिथे उडी मारते.

टफन्ड किंवा टेम्पर्ड असे खोक्यावर किंवा बुडाशी लिहिले असेल तर तो पेला परत ठेवा. अशा काचेत मुद्दाम ताण भरलेला असतो. जरा खोल कोरले की तो एकदम सुटतो आणि पेल्याचा हातात चुरा होतो. पांढऱ्या दुधी रंगाच्या डिनर सेटचीही बहुधा हीच जात. फुंकून केलेल्या पातळ काचेवर, म्हणजे दिव्याच्या चिमणीसारख्या वस्तूवरही हात चालवू नका. घरात ओगलेवाडीचा जुना प्रभाकर कंदील असेल तर त्याची काच जशी आहे तशीच मोलाची आहे.

सरावाला विकतचा पेला लागत नाही. मधाच्या, लोणच्याच्या, सरबताच्या रिकाम्या बाटल्या घ्या. जी बाटली कंपनीला परत जाते ती मात्र सोडा.

अक्षर

खरे कसब इथे आहे, आणि इंग्रजी अक्षरांवर बेतलेली व्हिडिओतली शिकवण इथेच कमी पडते.

देवनागरीतल्या बऱ्याच अक्षरांच्या पोटात बंद जागा असते. व आणि ब यांचा गोल, कचा डावा गोल, ठचा डोळा. शिवाय शिरोरेघ वरून झाकण घालते म्हणून प, म, य, स, ष यांचीही पोटे बंद होतात. स्टेन्सिल कापायला घेतलात तर हे डोळे कागदातून गळून पडतात. हाताने कोरायला घेतलात तर डोळे बुजतात, कारण काचेवरच्या रेघेच्या दोन्ही कडांना सूक्ष्म टवके उडत असतात आणि आतली मोकळी जागा पांढरी होत जाते.

आता या भागातली आडनावे पाहा. वसावे: व, स, पुन्हा व, तीन डोळे. वळवी: दोन व आणि मधल्या ळची गाठ. पाडवी, पावरा: प आणि व. पराडके: प आणि क. तडवी त्यातल्या त्यात सोपे, एकाच वमध्ये सुटते. अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात नावाचे पेले करायचे तर ‘व’ बसलाच पाहिजे, एवढे पक्के समजा. सुरुवातीचा सगळा सराव या एका अक्षरावर केला तरी तो वाया जाणार नाही.

हाताने कोरायचे तर अक्षराची उंची बारा-पंधरा मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नका. व काढताना गोल थोडा मोठा आणि दांड्यापासून जरा बाहेर ओढलेला काढा. कागदावर तो बेढब दिसेल, काचेवर बरोबर दिसेल. रेघ एकेरी ठेवा. जाड अक्षराचा हट्ट असेल तर आधी बाहेरची कड कोरून घ्या आणि आतला भाग ठिपक्यांनी भरा. पोटाच्या बाजूची कड शेवटी.

दुसरा मार्ग उलटा आहे, आणि नवख्यासाठी मला तोच जास्त पसंत आहे. गाडीच्या नंबरप्लेटवर अक्षरे लावणारा रेडियमवाला तालुक्याच्या गावी सापडतोच. त्याच्याकडून हवे ते नाव छोट्या आकारात कापून घ्या. पेल्यावर अक्षरेच चिकटवा, पोटातले तुकडे सुईने उचलून काढा आणि नावाभोवतीची पट्टी धूसर करा. अक्षर नितळ राहते, भोवतीची काच दुधी होते. धूसर करायला रंगाऱ्याचा काळा वॉटर पेपर चालतो. त्यावरची खर सिलिकॉन कार्बाइडची असते, काचेपेक्षा बरीच कठीण. दोनशेवीस नंबरच्या आसपासचा कागद छोट्या रबरावर गुंडाळा, भिजवा आणि गोल गोल फिरवत घासा. जोर स्टिकरच्या कडेवर पडू देऊ नका, नाहीतर ती उचलली जाऊन अक्षराच्या काठाला दाते पडतात. पट्टीच्या वर-खाली चिकटपट्टी लावून घेतली की धूसर भाग सरळ रेषेत थांबतो. हे काम विजेशिवाय होते आणि घरातला कुणीही सवडीने करू शकतो.

शिरोरेघेबद्दल एक इशारा. कोरायला आडवी रेघ सगळ्यांत अवघड, म्हणून ती गाळून टाकण्याचा मोह होतो. शेजारच्या गुजरातीत ती नसतेच, मग आपण का घालावी, असेही वाटते. पण भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक शिरोरेघेतल्या खंडावरच उभा आहे. बचत गटाच्या बरणीवर ‘भगर’ लिहायला जावे आणि भच्या डोक्यावर रेघ जोडली जावी, की बरणीत मगर जाऊन बसते. आमचूर लिहिताना तेवढी भीती नाही.

चित्र घालायचे असेल तर होळीतला मोरपिसांचा टोप, ढोल, मोहाचे फूल, धनुष्यबाण ही या मातीतली रूपे रेघेत छान उतरतात. मोरपीस तर ठिपक्यांसाठीच जन्माला आल्यासारखे. याहा मोगी या देवीचे रूप पेल्यावर घालण्याआधी मात्र घरातल्या, पाड्यातल्या जाणत्यांना विचारा. पेला उष्टा होतो, मोरीत पडतो. कुणाला ते चालेल, कुणाला रुचणार नाही, आणि हे बाहेरच्याने ठरवायचे नाही.

कोरायला बसताना

नाव कागदावर लिहून किंवा छापून घ्या आणि कागद पेल्याच्या आतून, अक्षरे बाहेर बघतील असा चिकटवा. नाव उलटे छापायचे नाही, काचेतून ते सुलटच दिसते. रेडियमवाल्यालाही हेच सांगा.

पेला वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर सरळ कापलेली कागदाची पट्टी आत बसवली की वाकडी चढत जाते. यावर सोपी युक्ती आहे. दोन-तीन पुस्तके रचून त्यांवर काचेवर चालणारा मार्कर आडवा दाबून धरा, त्याचे टोक पेल्याला टेकवा आणि पेला जागच्या जागी गोल फिरवा. सगळीकडून सारख्या उंचीवर रेघ येते. शिरोरेघ तिच्यावर बसवायची. नाव काठापासून निदान दोन सेंटिमीटर खाली असावे. ओठ लागतो तिथे कोरलेली काच नको, आणि आतल्या बाजूला तर कधीच नको.

बैठक जमिनीवर घातली तरी चालेल. मांडीवर जुनी गोधडी, तिच्या घडीत पेला आडवा रुतवून ठेवायचा म्हणजे तो लोळत नाही. पेल्याच्या आत कागदामागे काळे फडके कोंबले की पांढरी रेघ उठून दिसते. उजेड डाव्या बाजूने घ्या. डोळ्याला चष्मा, तोंडाला मास्क, शेजारी वाटीत पाणी आणि स्पंजचा तुकडा. दर दोन-चार रेघांनी काच ओली करायची. कोरताना उडणारी पूड ओली राहिली की हवेत जात नाही. फुंकर मारून पूड उडवू नका; सवय लागते आणि ती डोळ्यात-घशात जाते. काम संपल्यावर ओल्या फडक्याने जागा पुसा आणि ते फडके पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

आधी उभे दांडे, मग गोल, मात्रा-वेलांट्या आणि सगळ्यात शेवटी शिरोरेघ. शिरोरेघ शेवटी, हे शाळेत पाटीवर गिरवले तसेच. फिरते बिट पेन्सिलीसारखे ढकलायचे नसते, आपल्याकडे ओढायचे असते. ढकलले की ते वक्र काचेवरून बाजूला पळते. पहिला हात इतका हलका हवा की रेघ जेमतेम दिसेल. ती बरोबर जागी आली तर तिच्यावरूनच दुसरा, तिसरा हात फिरवा. कानही उघडा ठेवा. बिट व्यवस्थित चालत असेल तर एकसारखी बारीक घरघर येते. किंचाळल्यासारखा आवाज आला तर काच कोरडी पडली आहे किंवा जोर जास्त झाला आहे. थांबून पाणी लावा. तापलेल्या जागी केसाएवढी चीर पडते, आणि ती धुतल्याशिवाय दिसत नाही.

कोरून झाले की पेला साबणाने धुऊन उन्हाकडे धरून पाहा. चीर दिसली तर तो पेला देऊ नका, कितीही सुंदर झाला असला तरी.

हिशेब

भाव हलते असतात. पुढचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते धरा आणि आपल्या दुकानातला भाव त्यांत घाला. बरा जाड बुडाचा पेला घाऊक ५० रुपयांना पडला असे समजू. डझनाचे ६०० रुपये. नंदुरबारहून, किंवा रेल्वेने सुरतेशी संबंध असेल तर तिथून, जीप-एसटीने वर येईपर्यंत हमाली-भाडे १००. डझनात एक घाटात फुटला आणि एक कोरताना बिघडला, तर ७०० रुपये दहा पेल्यांवर पडले. म्हणजे पन्नासचा पेला काम सुरू होण्याआधीच ७० चा झाला. फूट हिशेबात न धरणारे इथेच बुडतात.

हत्यारे: मशीन, बिटे, चष्मा-मास्क मिळून २,००० रुपये. शंभर पेले केले तर पेल्यामागे २०. दहाच केले तर पेल्यामागे २००. बिटांची झीज ५, खोका आणि कागद १५.

मग वेळ. लोक तो धरतच नाहीत. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांची धरली तर तासाला ३९. कोरीव कामाला त्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे तासाला ८० रुपये धरण्यात काही वावगे नाही. एका पेल्याला पाऊण तास लागला तर ६० रुपये.

बेरीज करा. शंभर पेले करणाऱ्याला पेला १७० रुपयांना पडतो. दहा करून हौस फिटलेल्याला तोच पेला ३५० ला पडतो. म्हणून घरच्या एखाद्या समारंभासाठीच करायचे असेल तर मशीन घेऊ नका. दीडशे-दोनशेचा स्क्राइबर आणि वॉटर पेपर पुरे. तेव्हा दहा पेल्यांतही हत्याराचा खर्च पेल्यामागे २०-२५ च्या पुढे जात नाही, फक्त वेळ जास्त जातो आणि तो घरचाच असतो.

विकायचेच असेल तर शहरातल्या लेझरवाल्याशी किमतीत झुंजू नका, हराल. तो एका दिवसात शेकडो पेले करतो. पण त्याच्या संगणकात देवनागरी अनेकदा मोडून पडते: रफार भलत्याच अक्षरावर, वेलांटी निसटलेली, जोडाक्षराचे दोन तुकडे. नीट मराठी अक्षर, या भागातले चित्र, आणि समारंभाच्या आदल्या दिवशी हातात पडणारा पेला हे त्याला जमत नाही. गिऱ्हाईकही ओळखीतलेच शोधावे: शाळा, ग्रामपंचायत, बचत गट, लग्नघर. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात जाणाऱ्या गटांनी आमचूर आणि मधाच्या चार बरण्यांवर गटाचे नाव कोरून मांडणीत पुढे ठेवले तरी लोक थांबतात. सगळ्या बरण्या कोरण्याची गरज नाही, परवडणारही नाही.

नाव गिऱ्हाइकाकडून त्याच्याच हाताने लिहून घ्या आणि कागद जपून ठेवा. ‘वसावे’चे ‘वासावे’ झाले, सुनीताची वेलांटी ऱ्हस्व पडली, की भांडण ठरलेले, आणि काचेवर खोडरबर चालत नाही. निम्मे पैसे आगाऊ घ्या. नाव घातलेला पेला दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. गिऱ्हाइकाने स्वतःचा पेला आणून दिला तर फुटीची जबाबदारी कुणाची हे कोरण्याआधी बोलून घ्या. मी तरी लोकांच्या घरची जुनी, आठवणीची काच कोरायला घेऊ नये असेच सांगेन. ती फुटली तर पैशाने भरून निघत नाही आणि गावात रोज तोंड दाखवायचे असते.

देताना प्रत्येक पेला वर्तमानपत्रात गुंडाळा, मध्ये भाताचे काड किंवा सुके गवत भरा, पेले आडवे न ठेवता उभे ठेवा आणि खोका हलवून पाहा. आत आवाज आला तर आणखी भरा. गिऱ्हाइकाला एवढेच सांगा की नाव राखेने घासू नये, राख कोरलेल्या रेघांत बसून अक्षर मळकट दिसते. मऊ फडके आणि साबण पुरे.

फुटलेले तुकडे आणि साचलेली पूड उकिरड्यावर टाकू नका. तोच उकिरडा उन्हाळ्यात शेतात जातो, आणि शेतात माणसे अनवाणी चालतात, गुरे चरतात. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा झाकण लावून कोपऱ्यात ठेवा, त्यात भरत जा. भरला की काच-भंगार घेणाऱ्याला तसाच बंद डबा द्या, आत काय आहे ते सांगून.